वेण्णाकाठचं पांढरं गवत, आणि भाची निघालीय हिमाचलला : बर्फाशी कसं वागायचं?

वेण्णाकाठी

नमस्कार मंडळी,

आज पहाटे साडेपाचला महाबळेश्वरात वेण्णा तलावाजवळच्या शेतावर गेलो तर गादीवाफ्यांवरचा मल्चिंग पेपर पांढराफेक. हात फिरवला तर खरखरीत लागला. स्ट्रॉबेरीच्या पानांना कडेकडेनं कुणी मीठ भुरभुरावं तसे कण, आणि पाटाच्या गवतावर तर प्रत्येक पात्याला बारीक पिसं फुटलेली. डोंगराआडून ऊन खाली उतरेपर्यंत मी तिथंच उभा होतो. जन्म इथं गेला, तरी हे दिसलं की पाऊल पुढं पडत नाही.

नऊ वाजता फुलं तपासली. पाकळ्या जशाच्या तशा पांढऱ्या, टवटवीत. पण मधला पिवळा गाभा काळा पडलेला. असं फूल लांबून चांगलं दिसतं, फळ मात्र धरत नाही. खालच्या अंगाच्या दोन वाफ्यांत चारातली तीन फुलं गेली. वरच्या वाफ्यांना काही झालं नाही.

तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली. पुण्याचं कुटुंब होतं. त्यांच्या लहान मुलीनं जन्मात पहिल्यांदा असं गोठलेलं दव पाहिलं. तिनं एक पान तळहातावर घेतलं, ते विरघळलं, तशी दुसरं मागितलं. मी दिलं. तिचा चेहरा बघून मलाही बरं वाटलं.

आता खरा प्रश्न. माझी भाची साताऱ्याला कॉलेजात आहे. ती आणि तिच्या चार मैत्रिणी जानेवारीत मनालीला जाणार आहेत, पुढं अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत. गाडी तिकडं भाड्यानं घेऊन स्वतः चालवायचा बेत आहे. ताई म्हणाली, "तुमच्याकडं बर्फ पडतो, तूच तिला चार गोष्टी सांग." पण आमचा बर्फ ऊन आलं की तासाभरात पाणी होतो. तिकडचा दोन-तीन महिने हलत नाही. मी काय सांगणार तिला?

तुम्ही पाहिलेला बर्फ सांगा. डोळ्यांत भरलेला सांगा आणि घाबरवलेलाही सांगा. तिला हा धागा वाचायला देणार आहे.

कृष्णाकाठ_सांगली

दादा, स्पष्ट सांगते, राग मानू नका. पोरींना थांबवा. इथं घाटात धुकं असलं तरी आपण गाडी बाजूला घेतो, आणि या बर्फात गाडी चालवणार? महाबळेश्वर आहे, कास आहे, तोरणमाळ आहे. थंडीच हवी तर तिथं काय कमी आहे?

जावळीचा_गडी

कृष्णाकाठताई, काळजी समजते. पण वीस वर्षांच्या पोरींना "जाऊ नका" म्हटलं तर त्या न सांगता जातील. माहिती घेऊन गेलेल्या बऱ्या.

वेण्णाकाठी, फुलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं मेढ्याच्या खालच्या बाजूला नुसता गारठा होता, दव गोठलं नाही. तुमच्याकडंच का गोठतं? हवामान खात्याचा महाबळेश्वरचा आकडा तर सात-आठ अंश सांगत होता.

शाळामास्तर

जावळीचा गडी, हा प्रश्न मला वर्गात दर वर्षी विचारतात, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तापमानाचा अधिकृत आकडा जमिनीवरचा नसतो. तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतो. रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन, गवत, गाडीचा टप, जेटीच्या फळ्या आपली उष्णता थेट आकाशाकडं सोडून देतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा थंड होतात. पेटीत चार-पाच अंश असतील तेव्हा गवताच्या पात्यावर शून्य असू शकतं. ढग असले की ते पांघरुणासारखं काम करतात. वारा असला की वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. दोन्ही नसतील त्याच रात्री दव गोठतं.

दुसरं कारण जागेचं. गार हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साठते. महाबळेश्वरचं पठार सुमारे १३७० मीटरवर आहे, वेधशाळा उंचावर आणि वेण्णा तलाव व लिंगमळ्याचा भाग खोलगट. म्हणून गावात सात-आठ अंश आणि तलावाच्या जेटीवर पांढरी चादर, असं एकाच पहाटे होतं. वेण्णाकाठींचे खालचे दोन वाफे गेले आणि वरचे वाचले, तेही यामुळंच.

आणखी एक. वर्तमानपत्रं दर वेळी "दवबिंदू गोठले" छापतात, पण प्रकार दोन असतात. आधी दव पडून मग गोठलं तर काचेच्या मण्यांसारखे गोल थेंब मिळतात. हवेतली वाफ पाणी न होता थेट बर्फ झाली तर पिसं, सुया, पाकळ्या मिळतात. वेण्णाकाठींनी गवताला पिसं फुटली लिहिलंय, म्हणजे तिथं दुसरा प्रकार झाला. पुढच्या वेळी दोन्ही शोधा, एकाच वाफ्यात सापडतील.

वेण्णाकाठी

सर, बरोबर! पेपरवर मणी होते आणि गवतावर पिसं. इतकी वर्षं बघतोय, पण हा फरक कुणी सांगितला नव्हता.

दहिवर

माझं सदस्यनामच या विषयाचं आहे म्हणून मध्ये येते. आमची आजी पहाटेच्या दवाला "दहिवर" म्हणायची. "दहिवर पडलंय, पायात घाल काहीतरी." गोठलेल्याला मात्र तिच्याकडं वेगळा शब्द नव्हता, कारण आमच्या वाईच्या मळ्यात ते कधी गोठलंच नाही. हिंदीत त्याला "पाला" म्हणतात. आपल्याकडं पाला म्हटलं की झाडाचा. महाबळेश्वरच्या जुन्या लोकांचा काही खास शब्द आहे का?

वेण्णाकाठी

दहिवर, आमचे वडील फक्त "आज हिव खाली बसलं" म्हणायचे. सर आता सांगतायत की गार हवा खरंच खाली बसते.

तासगावचा_मळा

वेण्णाकाठी भाऊ, तुमचं दुःख आम्हाला कळतं. आमच्याकडं गोठत नाही, पण पारा दहाच्या खाली गेला की द्राक्षाचा मणी फुगायचा थांबतो, आणि पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या मण्याला थंडीत तडे जातात. निफाडकडं तर बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसतात लोक.

तुम्ही पहाटे तुषार चालू करून बघितले का? पाणी मारलं की पीक वाचतं म्हणतात. पण खरं सांगतो, एका मित्रानं भाजीच्या प्लॉटवर ते केलं आणि होतं त्यापेक्षा जास्त करपलं. तेव्हापासून माझा त्यावर विश्वास नाही.

शाळामास्तर

तासगावचा मळा, तुमच्या मित्रानं पाणी मध्येच बंद केलं होतं का?

तासगावचा_मळा

विचारून सांगतो.

...विचारलं. तासभर चालवलं, तेवढ्यात लाईट गेली. का हो?

शाळामास्तर

मग घोटाळा तिथंच झाला. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, एका ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी. फुलावर सतत पाणी पडत राहिलं आणि गोठत राहिलं, तर त्या उष्णतेनं फुलाचं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. स्ट्रॉबेरीचं उमललेलं फूल उणे एकच्या आसपास मरतं, म्हणजे शून्यावर ते तगतं. बर्फाच्या कवचात फूल जिवंत राहतं, ही गोष्ट मला अजूनही अद्भुत वाटते.

पण पाणी थांबलं की उलटं चक्र सुरू होतं. ओल्या फुलावरून पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते एका ग्रॅममागे सहाशेच्या आसपास कॅलरी ओढून घेतं. जेवढं मिळालं त्याच्या सातपट जातं. म्हणून तुषार चालू करायचे तर गोठण्याच्या आधी करायचे आणि ऊन येऊन बर्फ आपोआप सुटायला लागेपर्यंत बंद करायचे नाहीत. विजेची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा संध्याकाळीच वाफ्यांवर क्रॉप कव्हर ओढणं बरं.

वेण्णाकाठी

सर, मी तुषार कधीच लावले नाहीत, आमचं सगळं ठिबकवर. पण विहिरीवर डिझेल इंजिन आहे, त्यामुळं विजेचा प्रश्न नाही. खालच्या दोन वाफ्यांपुरतं करून बघता येईल. त्या वाफ्यांत विंटर डॉन जातीची स्ट्रॉबेरी आहे, बाकी स्वीट चार्ली. कव्हर आहे, पण सगळ्याला पुरत नाही.

ट्रकवाला_कराड

आता मूळ प्रश्नाकडं येतो. सोळा वर्षं सफरचंदाच्या सीझनला काश्मीर आणि हिमाचलचे फेरे केले. भाचीला माझं हे जसंच्या तसं वाचायला द्या.

बर्फ पांढरा दिसतो तोवर तेवढी भीती नाही. पांढऱ्यावर टायर चालतं, आवाज येतो, माणूस आपोआप हळू होतो. भीती आहे ती न दिसणाऱ्या बर्फाची. दुपारी कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, रात्री त्याची काच होते. पातळ, पारदर्शक. खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं. आपल्याला वाटतं रस्ता नुसता ओला आहे. तिकडं त्याला ब्लॅक आईस म्हणतात.

कुठं असतो? डोंगराच्या ज्या अंगाला ऊन लागत नाही त्या वळणावर. देवदाराच्या सावलीत. पुलावर, कारण पुलाच्या खालूनही गार हवा फिरते आणि तो रस्त्याच्या आधी गोठतो. झऱ्याचं पाणी रस्ता ओलांडतं तिथं. कधी असतो? अंधार पडल्यापासून सकाळी ऊन चांगलं वर येईपर्यंत. म्हणून दहाच्या आधी निघायचं नाही आणि चारला मुक्कामी. मोठा ट्रक घेऊन आम्ही हे पाळायचो, छोटी गाडीसुद्धा पाळते.

गाडी सरकली तर ब्रेक दाबायचा नाही. पाय सगळ्यावरून काढायचा, स्टीअरिंग जिकडं जायचंय तिकडं हळू धरायचं. उतार आधीच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचा, इंजिनलाच गाडी रोखू द्यायची. फोर बाय फोरवाल्यांचा एक गैरसमज असतो. चारी चाकं ओढतात त्यामुळं चढायला मदत होते, थांबायला होत नाही. काचेवर थांबताना ती गाडी पण तेवढीच घसरते.

शिमल्याजवळ कुफ्रीच्या खाली एका वळणावर माझ्या पुढची गाडी माझ्या डोळ्यांदेखत गोल फिरली. वेग तीसही नसेल. कठड्याला टेकून थांबली, आतलं कुटुंब सुखरूप. मी मदतीला उतरलो तर पहिलंच पाऊल सटकलं आणि हाताच्या कोपरावर आपटलो. तेव्हा कळलं की गाडी का फिरली. त्याच वळणावर कड्याला माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लटकत होते, सूर्य त्यांच्या मागं होता आणि आतून पिवळा उजेड येत होता. ते दृश्य मी विसरणार नाही, आणि ते वळणही.

सह्यभटकी

ट्रकवाला काका, फार उपयोगी लिहिलंत. दोन प्रश्न. साखळ्या कुठल्या चाकांना लावायच्या? आणि हँडब्रेकचं काय, एकानं सांगितलं तो लावायचा नाही.

ट्रकवाला_कराड

ज्या चाकांना इंजिनची ओढ असते त्यांना. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची. साखळी लावायची सवय खाली हॉटेलच्या अंगणात कोरड्यात करायची, बर्फात बोटं चालत नाहीत. बर्फ पडला की पोलीस मनालीजवळच्या सोलंगच्या पुढं साखळीवाल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात. अडवलं तर हुज्जत घालू नका, ते रोज गाड्या ओढून काढतात.

हँडब्रेक रात्री ओढून ठेवला तर ओलसरपणा गोठून तो चिकटू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. सकाळी काचेवर बर्फ बसला असेल तर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते. आणि डिझेल गाडी असेल तर खालून भरून नेलेलं डिझेल वर थंडीत मेणासारखं घट्ट होतं. इंडियन ऑईलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं ते यासाठीच. पोरींना सांगा पेट्रोल गाडी घ्या.

आणि खरा सल्ला विचारलात तर मनालीपासून पुढं स्थानिक ड्रायव्हर करा. त्याला कुठलं वळण किती वाजता उजळतं ते पाठ असतं.

कृष्णाकाठ_सांगली

या शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर. पाच जणींत ड्रायव्हरचा खर्च असा किती येणार?

परिचारिका_मिरज

मी मिरजेत रुग्णालयात काम करते. रस्त्याबद्दल काकांनी सांगितलं, मी खोलीबद्दल सांगते, कारण हा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही.

थंडी सहन झाली नाही की हॉटेलात किंवा तंबूत कोळशाची शेगडी आत घेतात आणि दारं-खिडक्या गच्च लावून झोपतात. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे किंवा उंची लागली, आणि तो आडवा होतो. एका खोलीतल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर थेट बाहेर मोकळ्या हवेत यायचं, मग बाकीचं. विजेचा हीटर आणि जास्तीच्या रजया मागा, शेगडी नको. बंद न्हाणीघरातला गॅस गीझरही तोच धोका, आणि तो आपल्या सांगली-साताऱ्यातल्या घरातही आहे, तेव्हा हे सगळ्यांनीच वाचा.

चादरवाटेवर

मी चादर केली आहे, म्हणजे लडाखातल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत गेलोय, म्हणून थोडं बर्फावरून चालण्याबद्दल.

नदी गोठते तेव्हा तिचा एकच रंग नसतो. कुठं दुधी, कुठं बाटलीच्या काचेसारखी हिरवी. कुठं इतकी स्वच्छ की पायाखाली चार हातांवर पाणी वाहताना दिसतं आणि गोठलेले बुडबुडे नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक अडकलेले असतात. रात्री तंबूत झोपलं की खालून आवाज येतो. कधी लांबवर तोफ उडाल्यासारखा, कधी तार छेडल्यासारखा. पहिल्या रात्री मी दोनदा उठून बसलो. आमच्या बरोबरचा झंस्कारी वाटाड्या म्हणाला, बोलणारा बर्फ चांगला, तो ताणला जातोय, घट्ट होतोय.

ही वाट सहलीसाठी झालेली नाही. झंस्कारचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात याच वाटेनं लोणी घेऊन लेहला जायचे, मुलांना शाळेत सोडायचे. रस्ता बंद आणि नदी हाच रस्ता. २०२४ मध्ये निम्मू ते दारचा हा झंस्कारमधून जाणारा रस्ता जोडला गेला, आता ती गरज कमी होईल. वाटाडे काठीनं बर्फ ठोकत पुढं जातात आणि आवाजावरून ओळखतात. भरीव आवाज आला तर पाऊल, पोकळ आला तर कडेनं. मी आठ दिवस कान देऊन ऐकलं, तरी मला तो फरक शेवटपर्यंत खात्रीनं कळला नाही. म्हणून माझं मत असं की वाटाड्याच्या पावलावर पाऊल, फोटोसाठी एक हातही बाजूला नाही.

चालताना पाय उचलून टाच टेकवायची नाही. सगळा तळवा एकदम ठेवायचा, पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. भाचीला हे सिस्सूच्या पायवाटेवरही उपयोगी पडेल.

सह्यभटकी

सिस्सूला तळं आहे ना? गोठलेल्या तळ्यावर उभं राहून फोटो काढतात लोक. ते कितपत बरोबर? लडाखच्या पँगाँग तळ्यावर तर २०२३ मध्ये अर्धमॅरेथॉन धावले.

शाळामास्तर

सह्यभटकी, पँगाँगवर धावले ते आधी बर्फाची जाडी मोजून आणि वाट आखून. नुसतं बघून जाडी कळत नाही. स्वच्छ, कठीण बर्फ किमान दहा सेंटिमीटर असेल तर एक माणूस चालू शकतो, असा ढोबळ नियम सांगतात. पण तोच बर्फ पांढरट, बर्फवृष्टी भिजून गोठलेला असेल तर ताकद निम्मी. आणि एका तळ्यावर जाडी सारखी नसते. ओढा येऊन मिळतो तिथं, झरा फुटतो तिथं, लव्हाळ्यांच्या आणि दगडांच्या कडेनं पातळ. मधोमध वीतभर आणि काठावर दोन बोटं, असंही होतं.

यामागं पाण्याचा एक स्वभाव आहे. पाणी चार अंशांवर सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर राहतं, आणि गोठताना नऊ टक्के फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. त्यामुळं तळं वरून गोठतं आणि खाली पाणी राहतं, मासे जगतात. हाच स्वभाव नसता तर तळी तळापासून बर्फानं भरत गेली असती. मासे ज्यामुळं वाचतात त्याचमुळं वर उभ्या असलेल्या माणसाच्या खाली नेहमी पाणी असतं.

चादरवाटेवर

सरांच्या म्हणण्याला जोडून. आम्हाला लेहमध्ये शिकवलेलं सांगतो. कुणी आत पडलंच, तर पहिलं मिनिट धाप लागते, त्या वेळी फक्त डोकं वर आणि श्वास ताब्यात. मग ज्या बाजूनं चालत आलो त्याच बाजूला तोंड करायचं, कारण तिकडचा बर्फ आपलं वजन पेलून झालेला असतो. दोन्ही हात बर्फावर पसरायचे, पाय पोहताना मारतो तसे मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. बाकीच्यांनी धावत जवळ जायचं नाही. आडवं पडून ओढणी, दोर, काठी जे असेल ते फेकायचं.

निवृत्त_सुभेदार

राम राम. बराच वेळ वाचत होतो. मी सातारा तालुक्यातला. आमच्या भागात मिलिटरी अपशिंगे गाव सगळ्यांना माहीत आहे. मीही घरातला चौथा फौजी. द्रास आणि सियाचीन दोन्हीकडं नोकरी झाली.

वरचा बर्फ तुम्हाला शब्दांत सांगता येणार नाही. चांदण्या रात्री हिमनदीवर बॅटरी लागत नाही, पुस्तक वाचता येईल इतका उजेड. आवाज नाही, वास नाही, झाड नाही. साताऱ्याहून आलेल्या पोराला पहिले चार दिवस वास नसल्याचंच नवल वाटतं. घरून आलेलं पत्र आम्ही आधी नाकाला लावायचो.

आणि तिथं सगळ्यात गोड दिसणारी जागा सगळ्यात वाईट असते. सपाट, गुळगुळीत, पाऊल न पडलेला बर्फ. त्याच्याखाली भेग असू शकते, दोनशे फुटांची. वरून बर्फाची पातळ साय. म्हणून आम्ही एका दोराला बांधून चालायचो, पुढचा काठीनं टोचून बघायचा आणि मागच्यानं दोर ढिला सोडायचा नाही.

मुलींसाठी माझ्याकडून तीन-चार गोष्टी. मोजे कोरडे पाहिजेत. थंडीनं बोटं जात नाहीत, ओल्या मोज्यांनी जातात. घाम येईल इतके कपडे घालून चढू नका, थांबल्यावर तोच घाम बर्फ होतो. उघड्या ओल्या हातानं लोखंडाला हात लावू नका, कातडी चिकटते. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाहीत, बर्फानं तर अजिबात नाही, शेकोटीवर धरायची नाहीत. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात धरायची आणि डॉक्टरकडं जायचं. गॉगल ढग असतानाही लावायचा, बर्फावरून परतलेल्या उन्हानं डोळे पोळतात.

माणदेशी

सुभेदारसाहेब, तुमचं वाचून लिहायचं धाडस झालं.

३ फेब्रुवारी २०१६. सियाचीनच्या सोनम चौकीवर, साडेएकोणीस हजार फुटांवर, बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यातला एक आमच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा. सहा दिवसांनी एक जवान जिवंत सापडला, लान्स नायक हनुमंतप्पा, तेव्हा इकडं गावोगाव लोक टीव्हीसमोर बसून होते की आणखी कुणी सापडेल. कुणी सापडलं नाही. ११ तारखेला हनुमंतप्पाही गेले.

आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाया हंडे घेऊन बसतात. पाण्याचा थेंब जपणाऱ्या मुलखातला पोरगा पाण्याच्याच डोंगराखाली गेला. माझ्या आईनं त्या दिवशी विचारलं होतं, "एवढं पाणी तिथं गोठून का बसतं रं?" मला काही सांगता आलं नाही.

निवृत्त_सुभेदार

माणदेशी, त्या सगळ्यांना सलाम. त्या आठवड्यात आमच्या घरी चूल मंद होती.

दहिवर

माणदेशी, तुमच्या आईंच्या प्रश्नावर विचार करत बसले होते. लडाखात सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले, ते आठवलं. हिवाळ्यात ओढ्याचं वाया जाणारं पाणी उंचावरून नळानं आणायचं. ते स्वतःच्या दाबानं कारंज्यासारखं उडतं, गोठतं आणि शंकूसारखा उंच ढीग होतो. शंकूला उन्हाला तोंड कमी, म्हणून तो हळू वितळतो आणि वसंतात पेरणीच्या वेळी, जेव्हा तिथं पाण्याची टंचाई असते, तेव्हा शेताला पाणी देतो. तिथंही दुष्काळच आहे, फक्त थंड. आईंना हे सांगा.

माणदेशी

सांगितलं. म्हणाली, "मग तिकडच्या बायांना पण वाट बघावी लागते म्हणायची."

जावळीचा_गडी

थोडं अवांतर. मुंबईत १८३० च्या दशकात अमेरिकेहून जहाजानं बर्फ यायचा, तिथल्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला, लाकडाच्या भुशात गुंडाळून. चार महिने समुद्रातून येऊनही बराचसा टिकायचा. जत्रेतला गोळा खाताना मला दर वेळी ते जहाज आठवतं.

तासगावचा_मळा

आणि आम्ही द्राक्षाची पेटी मुंबईला नेताना बर्फ पुरंल का म्हणून घोर लावून घेतो!

वेण्णाकाठी

मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय, माफी असावी. तोडणीचे दिवस होते.

भाचीनं धागा दोनदा वाचला, मैत्रिणींनाही वाचून दाखवला. गाडी भाड्यानं घ्यायचा बेत बदलला. मनालीहून स्थानिक ड्रायव्हर केला. कृष्णाकाठताई, तुमचा निरोप पोचला. काल त्या सगळ्या सुखरूप साताऱ्याला उतरल्या.

ट्रकवाला काका, तिनं तुमच्यासाठी खास सांगितलंय. बोगद्याच्या पलीकडं एका सावलीतल्या वळणाआधी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि म्हणाला, दहा मिनिटं थांबू, ऊन येऊ दे. यांना रस्ता कोरडा दिसत होता. तिनं खाली उतरून बुटाच्या टोकानं बघितलं तर काच. थांबले तेव्हा समोरच्या गोठलेल्या धबधब्यावर ऊन येताना बघायला मिळालं, एरवी गाडीतून निघून गेला असता. आधी वरचं टोक गुलाबी झालं, मग सगळा निळा-पांढरा, आणि आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता म्हणाली.

तळ्यावर चौघी गेल्या नाहीत. एकीनं काठावर पाय ठेवला, कर्रकन आवाज आला, तशी मागं आली. सुभेदारसाहेब, मोज्यांचे सहा-सहा जोड नेले होते. हॉटेलवाल्यानं पहिल्याच रात्री शेगडी आणून दिली होती, ती यांनी बाहेर ठेवायला लावली आणि मिरजेच्या ताईंनी लिहिलेलं त्यालाही वाचून, हिंदीत करून सांगितलं. त्याला माहीत नव्हतं.

परिचारिका_मिरज

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या हॉटेलात पुढं उतरणाऱ्यांचंही भलं झालं.

ट्रकवाला_कराड

पोरगी हुशार आहे. बुटाचं टोक लावून बघितलं, हे कुणी शिकवून येत नाही.

शाळामास्तर

वेण्णाकाठी, तुषारांचं काय केलंत?

वेण्णाकाठी

सर, खालच्या दोन वाफ्यांवर सहा तुषार बसवलेत, इंजिनला जोडून. परवा नुसती चाचणी घेतली. नवी फुलं निघालीत. आज दुपारपासून आकाश एकदम स्वच्छ आहे आणि आता संध्याकाळी वाराही पडला. बायको अंगणात उभी राहून म्हणाली, चांदणं काय सुंदर पडलंय, आणि मग दोघांनीही शेताकडं बघितलं. अडीचचा गजर लावलाय. डिझेल भरून ठेवलंय, ऊन येईपर्यंत पुरेल इतकं. वरच्या वाफ्यांवर कव्हर ओढायचं बाकी आहे, हाताला माणूस कमी आहे.

जावळीचा_गडी

मेढ्यातून तासाभरात पोचतो. बॅटरी आणतो. चहा तेवढा ठेवा.

वेण्णाकाठी

या. केळघर घाटानं येताना हळू या, ओढ्याजवळच्या वळणाला रात्रीची धुई असते.